दुपारी २.४० ची नोंद

माझा मोठा भाऊ २८ मे २०२४ रोजी, मंगळवारी, नवतपाच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांच्या, चौथ्या दिवशी बांधकामावर ऊन लागून पडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. त्याच्या मृत्यूची भरपाई मिळावी म्हणून वहिनी, आई आणि मी त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष कागद गोळा करत होतो. उन्हात काम करणाऱ्या माणसाला कोणते हक्क आहेत हे मला त्याआधी फारसे माहीत नव्हते. मी त्याच बांधकामावर हजेरी मांडत होतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझ्या हातात रोज सर्वांत महत्त्वाचा कागद असायचा, आणि मी त्याला केवळ पगाराची वही समजत होतो. या सगळ्यातून जाताना मला जे कळले ते इतर कोणाच्या घरी वेळेवर कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

दादा लोहा बांधायचा. स्लॅब ओतण्याआधी सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांवर सळाखी अंथरून, आकड्याने तार पिळून त्यांची जाळी बांधण्याचे हे काम आहे, आणि ते पूर्ण वेळ वाकून करावे लागते. मे महिन्यात विदर्भात सकाळी अकराच्या पुढे सळाख उघड्या हाताने धरता येत नाही. माणसे हाताला ओला फडका गुंडाळतात, तो दहा मिनिटांत वाळतो, पुन्हा भिजवावा लागतो. खाली तापलेल्या प्लेटा, मध्ये सळाखी, वर आकाश, आणि सावलीसाठी डोक्याचा दुपट्टा एवढेच. पिण्याचे पाणी काळ्या प्लास्टिकच्या टाकीत असे आणि ती टाकी उन्हातच ठेवलेली होती. दुपारी एकला त्या पाण्याने हात धुतला तरी चटका बसे. लोक ते पाणी पीत नसत असे नाही, पण जेवढे प्यायला हवे तेवढे कोणी पीत नसे. कामावरच्या रेजांची, म्हणजे मजूर बायकांची, अडचण आणखी वेगळी होती. शौचालय नव्हते, म्हणून त्या सकाळपासून मुद्दाम पाणी टाळत असत, आणि ही गोष्ट आम्हा पुरुषांपैकी कोणी कधी बोलूनही दाखवली नाही. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि शौचालय या दोन्ही गोष्टी १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर बंधनकारक केल्या होत्या, हे मला दादा गेल्यानंतर वकिलांच्या टेबलावर वाचायला मिळाले.

कामाची वेळ सकाळी आठ ते सायंकाळी सहा, मध्ये एक तास जेवण. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब गुरुवारी ओतायचा ठरला होता, त्यामुळे त्या आठवड्यात जेवणाचा तासही पुरता मिळत नव्हता. सोमवारी दादा घरी आला तेव्हा त्याच्या पायाला वांब येत होते आणि त्याने जेवण टाकले होते. वहिनींनी त्याला कैरीचे पन्हे करून दिले, आईने सकाळी त्याच्या खिशात कांदा ठेवला. पायाला गोळे येणे आणि अन्न नको होणे ही शरीराने आधी दिलेली सूचना असते, आणि त्या दिवशी माणसाला कामावर पाठवायचे नसते, एवढे आमच्या घरात कोणाला माहीत असते तर ही गोष्ट कदाचित इथेच थांबली असती. एक दिवस घरी बसला तर सातशे रुपये जातात, हे मात्र सर्वांना माहीत होते.

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास तो विसंगत बोलू लागला. शेजारी बांधणाऱ्याला तो दुसऱ्याच गावच्या कामाविषयी विचारत होता. मग आकडा हातातून सुटला आणि तो जाळीवरच बसला, नंतर कलंडला. त्याला खाली उतरवेपर्यंत दहा मिनिटे गेली. अंग कोरडे आणि चुलीजवळच्या भांड्यासारखे गरम होते, घामाचा मागमूस नव्हता. आम्ही त्याला जिन्याखाली सावलीत आडवे केले, कोणी कांदा ठेचून नाकाशी धरला, कोणी त्याच्या तोंडात पाणी घालायचा प्रयत्न केला. आता मला ठाऊक आहे की शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचे नसते, त्याच्या अंगावरचे कपडे काढून सगळे अंग भिजवायचे, जोराने वारा घालायचा, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ ठेवायचा, आणि हे रुग्णालयात नेण्याआधीच, पडल्या जागीच सुरू करायचे असते, कारण उष्माघातात शरीर किती अंश तापले याइतकेच ते किती वेळ तापलेले राहिले यालाही महत्त्व असते. आम्ही १०८ ला फोन केला, पण वाट न पाहता सामानाच्या पिकअपमध्ये घालून त्याला नेले, आणि त्या गाडीचा पत्राही तापलेलाच होता.

रुग्णालयाच्या अपघात विभागात सिस्टरने काखेत थर्मामीटर लावला आणि आकडा मोठ्याने सांगितला: १०६.४. डॉक्टरांनी तो केस पेपरवर, नाडी आणि रक्तदाबाच्या शेजारी लिहिला. सेल्सिअसमध्ये हे ४१ अंशांच्या थोडे वर होते. तो लिहिला जात होता तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही. पुढे आमचे सगळे प्रकरण ज्या दोन नोंदींवर उभे राहिले त्यांतली ही एक.

दुसरी नोंद माझ्याच हातची होती. हजेरीच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. पिकअप निघण्याआधी वही तशीच सोडता येईना, म्हणून मी दादाच्या नावापुढे लिहिले होते: ‘दु. २.४० चक्कर, पडला, दवाखान्यात नेले.’ रोज सायंकाळी सहाला त्या पानाचा फोटो कार्यालयाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा नियम होता, आणि तो गेला नाही तर एकोणीस माणसांचा आठवड्याचा हिशेब अडे. त्या दिवशी सहा वाजता मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात होतो. वही माझ्या पिशवीत होती. सवयीने मी पान उघडले, फोटो काढला आणि पाठवला. त्यामागे कसलाही विचार नव्हता.

पहाटे चारला दादा गेला. अकस्मात मृत्यू म्हणून पोलिसांनी तेव्हाच्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली नोंद केली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले. अहवालात मृत्यूच्या कारणासमोर ‘मत राखून ठेवले’ असे होते आणि व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, रासायनिक तपासणीला पाठवला होता. त्या दिवसांत सगळीकडे नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेल्या ५६ अंशांची चर्चा होती, जो नंतर यंत्राचा दोष निघाला. घरी भेटायला येणारे लोकही त्याविषयीच बोलत. माझ्या डोक्यात मात्र १०६.४ होता.

तेराव्याच्या आधीच ठेकेदाराचा माणूस आला. त्याने पन्नास हजार रुपये आणि शंभर रुपयांचा एक स्टॅम्प पेपर आणला होता. त्यावर लिहिले होते की मृत व्यक्ती आजारी होती, मृत्यूशी कामाचा संबंध नाही, आणि वारसांची पुढे कोणतीही मागणी राहणार नाही. मला वेगळे बाजूला घेऊन त्याने सांगितले की वहीचे ते पान पुन्हा लिहून दे, दादाला अकराला सुटी घेऊन गेलेला दाखव, अर्धी हजेरी लाव. माझी नोकरी त्याच ठेकेदाराकडे होती. मी दोन दिवस काहीच उत्तर दिले नाही. नकार देण्याइतके धैर्य माझ्यात आले असे मी म्हणणार नाही. वहिनींनी मला विचारले, ‘भाऊजी, त्या दिवशी तुम्ही काय लिहिलं होतं, तेच सांगा,’ आणि मी सांगितले, त्यानंतर दुसरे काही लिहिणे शक्य राहिले नाही. आठवड्याभरात माझे काम गेले. वही त्यांनी परत घेतली, पण फोटो माझ्या फोनमध्ये होता.

त्या स्टॅम्प पेपरवर सही झाली असती तरी फरक पडला नसता, हे पुढे कळले. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात स्पष्ट म्हटले होते की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक असतो. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात मालकाने वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नसे, ती या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागत असे. कायदा करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी ही कलमे का घातली असतील, ते आमच्या ओसरीवर बसलेल्या त्या माणसाकडे पाहून नीट समजत होते. तरीही मी म्हणेन की सही करू नका, कारण निरर्थक कागदही न्यायालयात निरर्थक ठरवावा लागतो आणि त्यात तारखा जातात.

वकील आम्हाला परवडणारे नव्हते. आमच्या गावच्या आशाताईंनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे नाव सांगितले. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वहिनींनी अर्ज केला आणि एक तरुण वकील नेमले गेले. मुंबईबाहेर आपल्या राज्यात भरपाईचे हे दावे तेव्हा कामगार न्यायालयापुढे चालत. दावा घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आम्ही तो ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल केला. वहिनी, नववीतली पुतणी, पाचवीतला पुतण्या आणि विधवा आई असे चार अर्जदार, कारण हे चौघेही कायद्याने थेट अवलंबित ठरतात. आईचे नाव आम्ही आधी विसरलो होतो, आणि ते राहिले असते तर नंतर दुरुस्तीचा अर्ज करावा लागला असता. सामनेवाल्यांत ठेकेदार, त्याची विमा कंपनी आणि इमारत बांधून घेणारा विकासक असे तिघेही होते. आम्हाला वाटत होते की विकासकाचा काय संबंध, त्याला तर आम्ही कधी पाहिलेही नव्हते. पण ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत होते, त्या मुख्य मालकाकडून थेट भरपाई मागता येते आणि मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करायची असते. ठेकेदार उद्या आपले दुकान बंद करून दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर हे कलम उपयोगी पडते.

आता कागदांविषयी, कारण सगळी दमछाक तिथेच झाली.

पहिला प्रश्न होता दादा त्यांच्याकडे कामाला होता हे दाखवण्याचा. नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, ओळखपत्र नाही. ठेकेदाराने लेखी उत्तरात तो आपला कामगारच नाही, ठिय्यावरून, म्हणजे मजूर रोज काम शोधत उभे राहतात त्या नाक्यावरून, त्या दिवसापुरता आला असेल असे म्हटले. आमच्याकडे माझ्या फोनमधले अकरा महिन्यांचे हजेरीचे फोटो होते, प्रत्येक सायंकाळचा एक. फोनमधला पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते जोडले. दादाच्या खात्यात दर शनिवारी फोनवरून आलेल्या पैशांचा बँकेचा उतारा काढला. हजेरीचे दिवस आणि शनिवारची रक्कम यांचा मेळ घालून मी एक तक्ता केला आणि तो तंतोतंत जुळला. आयुष्यात मी केलेल्या हिशेबांपैकी हा एक हिशेब मला समाधान देऊन गेला.

दुसरा होता वयाचा दाखला. भरपाईचे सूत्र असे होते: मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक, आणि वय वाढते तसा गुणक कमी होतो. आधार कार्डावर दादाची जन्मतारीख १ जानेवारी होती, जशी आमच्याकडे अर्ध्या गावाची आहे, आणि त्याप्रमाणे वय ४२ येत होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर खरी तारीख होती, त्याप्रमाणे ४०. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखल खारिज रजिस्टरचा उतारा आणून ते सिद्ध केले. चाळीसचा गुणक १८४.१७. दादाची मजुरी सव्वीस दिवसांचे १८,२०० रुपये होत होती, पण ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरले जात. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, एकूण १३,८१,२७५ रुपये, आणि अंत्यविधीचे ५,००० वेगळे.

तिसरा, आणि खरा, प्रश्न मृत्यूच्या कारणाचा. रासायनिक तपासणीचा अहवाल नोव्हेंबरात आला. विष नाही, दारू नाही. दादा पिऊन होता असे ठेकेदाराने म्हटले होते, ते तिथेच पडले. मात्र डॉक्टरांचे अंतिम मत एवढेच होते की हृदय व श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू झाला. प्रत्येक मरणाऱ्या माणसाचे हृदय आणि श्वास बंदच पडतात. वकिलांनी मला समजावले की उष्माघाताची म्हणून अशी एकही खूण शवविच्छेदनात सापडत नाही जी फक्त उष्माघातातच दिसते. इतर कारणे वगळून, घटनेची परिस्थिती पाहून, आणि मुख्यतः कोसळल्यावर लगेच मोजलेल्या तापमानावरून ते निदान करावे लागते. ते तापमान कोणी मोजले नाही, किंवा मोजून लिहिले नाही, तर माणूस उन्हाने गेला हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही, आणि सरकारी मोजणीतही तो उन्हाचा बळी म्हणून धरला जात नाही. उन्हाळ्यात कामावर गेलेली किती माणसे अशी हृदय बंद पडून गेली म्हणून नोंदली गेली असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

आम्हाला तो केस पेपर हवा होता. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत रुग्णाचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असे आहे. आम्हाला मात्र पोलिसांचे पत्र आणा असे सांगण्यात आले, पोलिसांनी न्यायालयाचा आदेश आणा असे सांगितले, आणि अडीच महिने वहिनी आणि मी या दोन दारांमध्ये फिरत राहिलो. शेवटी न्यायालयाने समन्स काढून मूळ कागदच मागवला. मार्च २०२५ मध्ये अपघात विभागातल्या त्या डॉक्टर साक्षीला आल्या. तोवर त्यांची बदली झाली होती, त्या दुसऱ्या जिल्ह्यातून एसटीने आल्या होत्या. त्यांनी स्वतःचे अक्षर ओळखले आणि सांगितले की १०६.४ तापमान, कोरडी त्वचा, हरपलेली शुद्ध आणि तापलेल्या जागी केलेले श्रम हे सगळे उष्माघाताशी जुळते. उलटतपासणीत त्यांना विचारले गेले की मेंदूज्वरानेही ताप चढू शकतो ना. त्या म्हणाल्या, चढू शकतो, पण सकाळी आठला कामावर चालत येऊन सहा तास लोहा बांधणारा माणूस मेंदूज्वराचा रुग्ण असण्याची शक्यता फार कमी आहे. सहा तास हे त्यांनी माझ्या हजेरीच्या पानावरून घेतले होते. दोन नोंदी तिथे एकत्र आल्या.

विमा कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद दोन बाजूंनी होता. एक, ऊन सर्वांनाच लागते, तो अपघात नव्हे. दोन, सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले आहे की कामावर असताना हृदयविकाराने मृत्यू आला एवढे पुरेसे नाही, कामाच्या ताणाचा त्याच्याशी संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरांच्या साक्षीत होते. पहिल्याचे उत्तर आमच्या वकिलांनी फार जुन्या ठिकाणाहून आणले. आपल्या १९२३ च्या कायद्यातले ‘अपघाताने झालेली इजा’ हे शब्द इंग्लंडच्या कायद्यातून आलेले, आणि तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०८ मध्येच असा निर्णय दिला होता की जहाजाच्या भट्टीपुढे राख ओढणाऱ्या, मुळात अशक्त असलेल्या कामगाराला उष्माघात झाला तर तो अपघातच आहे. माणूस आधीच अशक्त होता म्हणून त्याचा हक्क जात नाही. मला या गोष्टीने खूप आधार वाटला. ज्या प्रश्नाचे उत्तर दादाच्या जन्माच्या पाऊणशे वर्षे आधी दिले गेले होते, तो प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा केला जात होता.

तापमानाच्या दाखल्यावरही वाद झाला. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून त्या दिवसाच्या नोंदी मागवता येतात, त्या आम्ही मागवल्या. समोरच्या वकिलांनी म्हटले की एवढे तापमान विदर्भात नेहमीचेच. आमच्या वकिलांनी न्यायाधीशांपुढे मांडले की वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. मृत माणूस त्या पेटीत काम करत नव्हता, तो लोखंडी प्लेटांवर वाकून लोखंड बांधत होता. मला हे वाक्य जसेच्या तसे आठवते.

बाहेर उन्हात काम किती अंशांवर थांबवावे याची सक्तीची मर्यादा आपल्या कायद्यात नाही. केंद्राचे कामगार मंत्रालय राज्यांना वेळा बदलण्याविषयी पत्रे पाठवते, उन्हाळी कृती आराखड्यांत दुपारी बारा ते तीन-चार काम टाळावे असे लिहिलेले असते, पण तो सल्ला आहे. आमच्या कामावर तेलंगणाचा एक गवंडी होता, तो कतारला राहून आला होता. तो सांगायचा की तिथे १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम घेता येत नाही. मला ते खरे वाटत नसे, नंतर वाचले तेव्हा तसेच निघाले. आपल्या केरळातही उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा आदेश कामगार खाते काढते. आखातातल्या परक्या मजुराला मिळते ते संरक्षण विदर्भातल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या जिल्ह्यात मिळू नये, हे मला पटत नाही, आणि कधी पटणार नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये निकाल लागला. १३,८१,२७५ रुपये आणि अंत्यविधीचे पाच हजार मान्य झाले, आणि देय तारखेच्या एका महिन्यानंतरपासून १२ टक्के सरळ व्याज, म्हणजे वर्षाला १,६५,७५३ रुपये. ठेकेदाराने मजुरांची विमा पॉलिसी काढलेली होती, त्यामुळे विमा कंपनीने दिवाळीच्या आसपास रक्कम न्यायालयात भरली. पुतणी आणि पुतण्याचा हिस्सा ते सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत आहे, वहिनींच्या आणि आईच्या हिश्श्याचा काही भाग हातात आला. कायद्यात असे प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढावे असे म्हटले होते, आम्हाला तेरा महिने लागले, आणि ज्यांनी अशी प्रकरणे लढवली आहेत ते सांगतात की हे लवकरच झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि भरपाईचा विषय तिच्या सातव्या प्रकरणात आहे, तेव्हा नव्याने दावा करणाऱ्यांनी वकिलांना त्याप्रमाणे विचारावे.

एक रक्कम मात्र मिळाली नाही. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात दादाची नोंदणी होती, आणि नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर मंडळ वारसांना पाच लाख रुपये देते. दादाचे नूतनीकरण एप्रिलमध्ये संपले होते. त्याचे शुल्क वर्षाला एक रुपया आहे. अडले होते ते नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यावर, कारण ठेकेदार सही देत नव्हता. सही दिली की हा आपला कामगार असे कबूल केल्यासारखे होते. तो दाखला ग्रामसेवकाकडूनही मिळू शकतो हे तेव्हा आम्हाला माहीत असते, तर त्या एका रुपयाचे नूतनीकरण झाले असते. आमचा अर्ज नामंजूर झाला आहे. न्यायालयाने तो त्यांचाच कामगार होता असे ठरवल्याची प्रमाणित प्रत जोडून मी पुन्हा अर्ज दिला आहे.

मी आता दुसऱ्या कामावर हजेरी मांडतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तेवीस जणांनी सह्या करून तिथल्या ठेकेदाराला पत्र दिले. सुटी नको, मजुरीही वाढवून नको, वेळ सरकवा: सकाळी साडेपाच ते साडेदहा आणि सायंकाळी चार ते साडेसात, पाण्याची टाकी सावलीत, आणि रेजांसाठी शौचालय. टाकी दुसऱ्याच दिवशी हलली. वेळ सरकवण्याच्या मुद्द्यावर दोन आठवडे बोलणी चालली, कारण स्लॅबच्या दिवशी मिक्सर थांबवता येत नाही हे खरेच आहे. मग स्लॅब रात्री नऊनंतर ओतायचे ठरले. शौचालय अजून झालेले नाही. वहीत मी एक रकाना वाढवला आहे, त्यात काम थांबल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ लिहितो, आणि फोटो पूर्वीसारखाच सहाला पाठवतो.

भरपाई वेळेत जमा न केल्याबद्दल ठेकेदाराला दंड व्हावा, जो मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत असू शकतो, हा मुद्दा न्यायालयाने वेगळा ठेवून त्याला कारणे दाखवा नोटीस काढली आहे. त्याची पुढची तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. वहिनी आणि मी सकाळच्या गाडीने जाणार आहोत.